एका दिवसाने हुकलेली नाव

शिगेहारु तोंडात गुळणी धरून बसतो, ही किनुए इवानागाची मुलाबद्दलची तक्रार जुनीच होती. पण बाप गेल्यापासून त्याने कहर केला होता. दर शनिवारी हाकाताहून गाडीने यायचा, डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावायचा, एकशे ब्याऐंशी पायऱ्या चढून धापा टाकत घरात शिरायचा, बापाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायचा, आणि मग जो मिटून बसायचा तो थेट रविवारी संध्याकाळी निघेपर्यंत. छप्पन्न वर्षांचा बाप्या. ऑफिसात म्हणे याच्या हाताखाली वीस माणसं. त्यांना हा कामं सांगतो तरी कसा, खाणाखुणांनी?

"बोल की रे काहीतरी," ती म्हणायची. "तुझा बाप बोलत नव्हता ते समजू शकते. त्याच्या तोंडात खिळे असायचे."

ते खोटं नव्हतं. तोकुजी गोदीतला सुतार. चार-चार खिळे ओठांत धरून काम करायची सवय त्याला जेवणाच्या ताटावरही सुटली नाही. ओठ मिटलेले ते मिटलेलेच. पण नागासाकीच्या त्या उतारावर त्याच्याइतका मान कुणाला नव्हता, कारण उतारावरच्या सगळ्या मेलेल्यांच्या नावा त्याने बांधल्या होत्या. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराने पहिल्या ओबोनला त्याची नाव काढायची, ही गावाची रीत. ऑगस्टात तीन दिवस पितर घरी येतात आणि पंधरा तारखेला त्यांची पाठवणी होते. जुने पितर वाट ओळखून असतात. त्यांना गवती चटईत फळंफुलं गुंडाळून दिली की भागतं. नवखं माणूस मात्र नावेतूनच जायचं. पुढच्या टोकाला उंच नाळ, तिच्यावर घराण्याचं नाव, कंदील, मधोमध फोटो. घंटा वाजवत, फटाक्यांच्या माळा लावत, पांढरे सदरे घातलेली माणसं ती नाव गावातून बंदरापर्यंत नेतात. अशा तेवीस नावांची नाळ तोकुजीने घडवली होती. चोविसावी त्याची स्वतःची, आणि ती आपण डोळे भरून बघायची, असं किनुएने आठ महिने त्याचं अंथरूण उपसताना ठरवून टाकलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आळीचे मुखिया ताझाकी मोजपट्टी घेऊन आले. नाव किती हाताची करायची, पोलिसांकडे कधी नोंदवायची, माणसं किती, असं बोलणं चाललं होतं. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. उभ्याउभ्या त्यांनी बोटांची पेरं मोजली. परत मोजली. मग मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली आणि चटईवर बसले.

तोकुजी गेला एकोणतीस जूनला. माणूस मेला तो दिवस पहिला धरायचा आणि एकोणपन्नास भरायचे. तोवर ते ना इकडचं ना तिकडचं, वाटेवरच. तोकुजीचे एकोणपन्नास भरत होते सोळा ऑगस्टला. नावा सुटणार पंधराला. ज्याची वाट अजून सरली नाही तो पितरांमध्ये कसा मोजायचा? त्याचं पहिलं ओबोन पुढच्या वर्षी.

"एक दिवस आधी असतं ना आजी, तर बरोबर पंधराला भरत होते," ताझाकी म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या आईची नाव तोकुजीनेच केली होती.

किनुएने विचारलं की पुढच्या वर्षी नाव उचलणार कोण. उतारावर आता अकरा पुरुष उरले होते आणि त्यातल्या तिघांच्या गुडघ्यात लोखंड बसवलेलं होतं. यंदाची तोफूवाल्यांकडची नाव झाली की आळीतून नाव काढणं बंद, असं बैठकीत ठरलंही होतं. आणि माणसं मिळाली तरी घर कुठे होतं? ऑक्टोबरात घराला कुलूप लागणार होतं. पायऱ्या तिच्याच्याने होत नव्हत्या. शिगेहारु तिला हाकाताला नेणार होता. नाव निघायची तर यंदा इथून, या दारातून, नाहीतर कधीच नाही.

हे सगळं बोलणं होईपर्यंत शिगेहारु कोपऱ्यात गार चहाच्या पेल्याकडे बघत बसून होता. जणू कुणा परक्याच्या बापाची गोष्ट चालली होती.

किनुए हात टेकणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन मंदिरात गेली. पुजारीबुवा तिच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, तिच्या हातचे भाताचे लाडू खाऊन मोठे झालेले. त्यांनी तिला गादीवर बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि नाही म्हटलं. लोक सोयीसाठी एकोणपन्नासाव्याचे विधी रविवारी आधी उरकतात हे खरं, ते म्हणाले, पण विधी आधी केला म्हणून वाट छोटी होत नाही. तिने मग आपल्या बापाची गोष्ट काढली. इसाहायाच्या पुरात बाप वाहून गेला तेव्हा ती बारा वर्षांची. तिची शाळाही त्याच पुरात गेली, ती परत काही आली नाही. बाप सापडला नवव्या दिवशी, खाडीच्या चिखलात. कधी मेला ते कुणाला ठाऊक? आईनेच ठरवलं, पंचवीस जुलै धरा, आणि सगळ्यांनी धरला.

"तिथे कागद नव्हता, आजी," पुजारीबुवा हळूच म्हणाले. "इथे डॉक्टरांचा दाखला आहे."

मग ती डॉक्टरांकडे गेली. म्हातारे डॉक्टर चाळीस वर्षं त्या उतारावर बॅग घेऊन चढत-उतरत होते. त्यांनी दाखल्याची नक्कल काढून दाखवली. किनुएला त्यातले आकडे तेवढे वाचता येत होते. एकोणतीस, पहाटे चार. बाकीची अक्षरं तिच्यासाठी मुंग्यांची रांग. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले की मुलाने सांगितली ती वेळ लिहिली. आणखी काही तरी बोलणार होते, पण चष्मा पुसतच राहिले.

परत येताना ती निम्म्या पायऱ्यांवर बसली. सगळे तिच्याशी नीट बोलत होते, वाकून नमस्कार करत होते, गार पाणी देत होते. कुणीतरी उर्मट बोललं असतं तर त्याला चार ऐकवून मोकळी तरी झाली असती. मऊ उशीवर बुक्के मारत बसायचं, तसलं हे.

पंचवीस जुलैला, शुक्रवार असूनही, शिगेहारु रजा काढून आला आणि तिला गाडीत घालून इसाहायाला घेऊन गेला. दरवर्षी त्या रात्री तिथे नदीकाठी पुरात गेलेल्यांसाठी हजारो दिवे लावतात. लहानपणी तिला तो दिव्यांचा सण वाटायचा नाही, आई तोंड दाबून रडायची त्याची भीती वाटायची. आता काठावर भाजलेल्या मक्याचे ठेले होते, पोरीबाळी उन्हाळी किमोनो घालून एकमेकींचे फोटो काढत होत्या. किनुएने एक दिवा बापासाठी लावला. मग जरा थांबून दुसरा लावला.

"बघ," ती म्हणाली, "इथे तारीख कुणी विचारत नाही. कुठल्या गावात मरायचं हेसुद्धा तुझ्या बापाला कळलं नाही."

शिगेहारुने तोंड उघडलं. "आई," म्हणाला. दिव्यांच्या उजेडात त्याचा चेहरा घामाने चमकत होता.

"काय?"

"थंडी वाजत नाही ना तुला?"

जुलै महिन्यात. किनुएने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तडक मका आणायला निघून गेला. गाडीत परत येताना तिने त्याला सांगितलं, की तुझ्या बापाने बोलायचे पैसे वाचवून तुझ्या शाळेची फी भरली, पण तू तर त्याच्यावर ताण केलीस. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला.

ऑगस्ट लागला. नऊ तारखेला अणुबाँबच्या आठवणीचा भोंगा वाजला, गाव नेहमीसारखं मिनिटभर गप्प उभं राहिलं. तेराला लोक कंदील घेऊन थडग्यांकडे चढले. तोकुजीच्या अस्थी अजून घरातच होत्या, पांढऱ्या कापडात बांधलेल्या. सगळ्या उतारावर पितर घरी आले होते, आणि हा आपल्याच घरात पाहुण्यासारखा कोपऱ्यात. किनुएने त्याच्यापुढे शेवया ठेवल्या आणि म्हणाली, खा, तुला कुणी बोलावलेलं नाही, पण खा.

पंधराला दुपारी तीनपासून घंटा सुरू झाल्या. पायथ्याशी मोकळ्या जागेत तोफूवाल्यांची नाव उभी होती. आळीतल्या बायका पांढऱ्या सदऱ्यांची गाठोडी घेऊन खाली चालल्या होत्या. ताझाकींनी निरोप पाठवला होता की आजींनी आमच्यात येऊन चालावं. किनुए म्हणाली, दुसऱ्याच्या लग्नात नाचायला मी काय करवली आहे? ती व्हरांड्यात उभी राहून खाली बघत होती. उभं राहून पाय भरून आले तरी बसत नव्हती.

शिगेहारु स्वयंपाकघरात टरबूज कापत होता. सुरीचा आवाज थांबला. तो ओले हात तसेच घेऊन बाहेर आला आणि तिच्यामागे उभा राहिला.

"आई, बाबा अठ्ठावीसलाच गेले."

तिने मान वळवली नाही.

"शनिवारी. रात्री पावणेदहाला. मी त्यांचा हात धरून होतो."

"आणि मी?"

"तू झोपली होतीस." त्याने ओले हात सदऱ्याला पुसले. "आठ महिन्यांत पहिल्यांदा. मीच म्हटलं होतं ना तुला, आज मी बसतो, तू झोप. मी दोनदा तुझ्या दारात आलो. तू घोरत होतीस. म्हटलं, गेले ते गेलेच, सकाळी सांगितलं म्हणून जास्त गेलेले असणार नाहीत. तेवढी एक रात्र तरी झोपू दे. मग त्यांच्याजवळ बसून राहिलो. उजाडताना डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कधी गेले? इतका वेळ बसलो होतो असं कसं सांगणार? म्हटलं, आत्ताच, चारला."

किनुएने व्हरांड्याचा कठडा धरला. डॉक्टरांनी तोकुजीच्या ताठरलेल्या जबड्याला हात लावून शिगेहारुकडे पाहिलं होतं, ते तिला आता आठवलं. कशासाठी पाहिलं ते आत्ता कळलं.

ताझाकी मोजपट्टी घेऊन आले तेव्हा का नाही बोललास, असं तिने विचारलं. तो म्हणाला, बोलणार होतो. पण तोवर दाखला नगरपालिकेत गेला होता, दहन झालं होतं. आता बोललो तर मी खोटा, डॉक्टर खोटे. प्रत्येक शनिवारी ठरवून येत होतो. पायऱ्या चढून वर आलो की तुझं तोंड दिसायचं.

अठ्ठावन्न वर्षं तोकुजीने तिला विचारल्याशिवाय मोजेसुद्धा बदलले नव्हते, आणि मेला तेव्हा ती घोरत होती. भिंतीच्या पलीकडे. चार पावलांवर. हाक मारली असती तर एका हाकेत उठली असती ती. रात्रीत सहा वेळा उठणारी बाई.

खालून पहिली फटाक्यांची माळ ऐकू आली.

तिने मनाशी मोजलं. अठ्ठावीस पहिला. मग आजच एकोणपन्नास. म्हणजे तोकुजीचे दिवस आज भरले होते. हा आत कोपऱ्यात पांढऱ्या कापडात जायला तयार होऊन बसला होता, आणि दारात नाव नव्हती. नाव बांधायला दीड महिना लागतो. पुजारीबुवांकडे धावत गेलं तर ते आता हो म्हणतील, पण नुसत्या 'हो'वर बसवून कुणाला पाठवता येतं? आणि ताझाकींना जाऊन खरं सांगायचं, म्हणजे उभ्या उताराला ओरडून सांगायचं की माझा मुलगा खोटारडा, आणि म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागदावर खोटं लिहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. न सांगावं तर हा माणूस एका खोट्या तारखेपायी वर्षभर ताटकळणार, आणि पुढच्या वर्षी हाकाताच्या सातव्या मजल्यावरून त्याला कुठली नाव मिळणार होती?

"चटई आण," ती म्हणाली.

शिगेहारुला कळलं नाही.

"गवताची चटई. तुझ्या आजोबा-आजींसाठी आणली आहे ती. त्यांना दाटीवाटीने जाऊ दे, त्यांना सवय आहे."

त्याने चटई पसरली. किनुए गुडघे मोडून बसली आणि सामान भरू लागली. वांगी, काकडी, शेवया, पांढरे लाडू, शेवंती, कापलेल्या टरबुजाची फोड. तोकुजीची सिगारेट. आठ महिने लपवून ठेवलेलं अख्खं पाकीटच तिने ठेवलं. चटई गुंडाळून दोन्ही टोकं आवळताना दोरी एकदा निसटली, तेव्हा शिगेहारु मदतीला वाकला. तिने त्याचा हात बाजूला सारला. गाठ तिने मारली. मग गाठोडं त्याच्या हातात दिलं, कारण पायऱ्या उतरायला तिला दोन्ही हात लागत होते.

तेवीस घरांच्या नावा जिने या पायऱ्यांवरून बघितल्या, ती आपल्या नवऱ्याला चटईत गुंडाळून खाली घेऊन चालली होती. एकेका पायरीला ती थांबत होती. दोन बायका वर येत होत्या, त्या कडेला सरकल्या, वाकल्या. पाठीमागे गेल्यावर त्यांच्यातली एक दबक्या आवाजात म्हणाली की इवानागांच्या आजीला तारखा कळेनाशा झाल्या वाटतं, बिचारी. किनुएचे कान शाबूत होते. बिचारी हा शब्द तिला उभ्या आयुष्यात कुणी लावला नव्हता. शिगेहारु थबकला, वळणार होता. तिने काठीने त्याच्या पोटरीला टोचलं. चल.

पायथ्याशी ताझाकींनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी गाठोडं बघितलं, तिच्याकडे बघितलं, डोक्याची पट्टी काढली. म्हणाले, "आजी, तुमची पाळी पुढच्या वर्षी आहे."

"माझी पाळी कधी ते माझं मी बघेन," किनुए म्हणाली. "तुम्ही तुमची नाव सांभाळा. नाळ डावीकडे झुकली आहे."

झुकलीच होती. ताझाकींनी मान खाली घातली. तोकुजीच्या तेवीस नावांत ती चूक कधी झाली नव्हती.

बंदरापर्यंतचा रस्ता नावांनी भरला होता. एकीमागे एक. घंटांचा ठोका, 'डोई, डोई' अशा आरोळ्यांचा गजर, पेटीच्या पेटी फटाके एकदम पेटवलेले, धुराने पुढचं माणूस दिसेना. लोकांनी कानात बोळे घातले होते. किनुएने घातले नव्हते. मायलेक कडेकडेने, भिंतीला धरून चालले. एका नावेवर शाळकरी पोरीचा फोटो होता आणि ती ओढणारी तरुण मंडळी हसत-रडत ओरडत होती. किनुएने त्या नावेला हात जोडले आणि पुढे निघाली.

बंदरावर, जिथे पूर्वी नावा पाण्यात सोडत, तिथे आता यंत्र उभं असतं. लोखंडी पंजा नाव उचलतो आणि कडाकडा मोडून ढीग करतो. पाणी घाण होऊ नये म्हणून. घरची माणसं दोरीच्या पलीकडे उभी राहून हात जोडतात. चटया ठेवायला वेगळा कोपरा होता. शिरस्त्राण घातलेल्या माणसाने शिगेहारुच्या हातून गाठोडं घेतलं, अदबीने वाकला, आणि शेकडो गाठोड्यांत ठेवून दिलं. किनुए टाचा उंचावून बघत होती. क्षणभर तिला आपली गाठ दिसली. मग त्यावर दुसरं गाठोडं आलं, मग तिसरं. कुठलं तोकुजीचं ते आता तिलाही सांगता आलं नसतं.

उतारावरच्या लोकांच्या लेखी तो अजून कोपऱ्यातच होता. तो गेला हे फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाशी तिला बोलायचं नव्हतं.

ती तशीच मागे वळली, धुरातून, गर्दीतून, ट्रामच्या रुळांपर्यंत. ट्राम बंद होती. थांब्याच्या बाकावर ती बसली. शिगेहारु शेजारी बसला नाही, समोर उभा राहिला. हातांना गवताचा चुरा लागलेला, खांदे पडलेले. तो रडत होता, आवाज न करता, बापासारखे ओठ मिटून. किनुए काठी दोन्ही हातांत धरून म्हणाली:

"तू वाईट नाहीस, शिगे. वाईट असतास तर मला बरं पडलं असतं, चार शिव्या देऊन घरी गेले असते. तू दयाळू आहेस. पण ती रात्र माझी होती, आणि तू ती मला न विचारता घेतलीस. नावेचं मी सोडून देईन, ते मी सोडणार नाही. यापुढे घरात कुणी गेलं तर मला उठवायचं. मीच गेले तरी आधी मला उठवायचं, आणि मग काय रडायचं ते रड."